पाण्याखालचा पंखा आणि पाण्यावरचा हिशेब

१ जूनला मासेमारीबंदी लागू झाली की कोकणच्या बंदरांतून नौका वर ओढण्याची धांदल उडते. पुढचे दोन महिने त्या झापांखाली शाकारलेल्या असतात, आणि आठ-दहा महिने ज्या भागाकडे कुणाची नजर गेलेली नसते तो भाग या काळात उन्हापावसात उघडा पडतो. सुतार फळ्यांच्या फटी तपासतो. इंजिनाचा मिस्त्री येऊन पंप आणि नोझल सोडवून नेतो. मालक रंगाच्या डब्यांचा हिशेब मांडतो. सुकाणूच्या पुढे, शेवाळाने हिरवा पडलेला, एखादे पाते वाकलेला, कडेला दाते पडलेला पंखा मात्र तसाच असतो. कुणीतरी पत्र्याच्या तुकड्याने त्यावरची कवचे खरवडतो, फार तर काथ्याने घासून चकचकीत करतो, आणि काम झाले असे समजून पुढे सरकतो.

प्रॉपेलर हा शब्द किनाऱ्यावर फारसा रुळलेला नाही. तेथे तो पंखाच. गेल्या सत्तर वर्षांत मासेमारीच्या यांत्रिकीकरणाचा जो गाजावाजा झाला त्यात नौकांची संख्या मोजली गेली, अश्वशक्ती मोजली गेली, निर्यातीचे टन आणि परकीय चलन मोजले गेले. इंजिनाची सारी शक्ती ज्या एका वस्तूच्या द्वारे पाण्यापर्यंत पोचते तिची मोजदाद करावी असे मात्र फारसे कुणाला वाटले नाही. वस्तुतः जाळलेल्या डिझेलपैकी किती नौकेला पुढे नेईल आणि किती धूर, उष्णता व थरथर बनून वाया जाईल, हे ठरवण्यात या हात-दीड हात रुंदीच्या धातूच्या तुकड्याचा वाटा फार मोठा आहे. आणि वाया गेलेल्या डिझेलचे बिल जो चुकता करतो, त्याला पंख्याच्या निवडीत कधीच विचारलेले नसते. प्रश्न केवळ यंत्रविद्येचा नाही तो एवढ्यासाठी.

पंख्याची ओळख दोन आकड्यांनी होते. एक त्याचा व्यास. दुसरा त्याचा पिच. लाकडात पिळला जाणारा स्क्रू एका फेऱ्यात जेवढा आत शिरतो, तेवढे अंतर पंख्याने एका फेऱ्यात, पाणी घट्ट असते तर, कापले असते. ते अंतर म्हणजे पिच. समजा, इंजिन मिनिटाला १,८०० फेरे घेते आणि गिअरपेटी ते तिसऱ्या हिश्श्यावर आणते. म्हणजे पंखा ६०० फेरे फिरतो. पिच २४ इंच असेल तर तो मिनिटाला १,२०० फूट, म्हणजे ताशी पावणेबारा सागरी मैल पुढे जायला हवा. प्रत्यक्षात नौका ताशी आठ मैलांनी चाललेली असते. मधला जो सुमारे एक-तृतीयांश फरक, त्याला जाणकार ‘स्लिप’ म्हणतात. ही सरक सगळीच नासाडी नव्हे. पाणी मागे ढकलल्यावाचून नौका पुढे जाणार कशी? पण तीच नौका ट्रॉलचे जाळे ओढताना ताशी तीन मैलांवर येते, तेव्हा सरक तीन-चतुर्थांशापर्यंत चढते. म्हणजे बंदर ते मासेमारीचे क्षेत्र हे अंतर लवकर कापण्यासाठी जो पंखा चांगला, तो जाळे ओढण्यासाठी चांगला असेलच असे नाही. डोलजाळ्याची नौका, गिलनेटची नौका आणि ट्रॉलर या तिघींची गरज वेगवेगळी आहे. कुठली नौका दिवसाचे किती तास कोणते काम करते हे माहीत असल्याखेरीज पंखा निवडताच येत नाही.

निवड चुकली की काय होते, तेही गूढ नाही. पिच अथवा व्यास जास्त असेल तर इंजिन आपले पूर्ण फेरे गाठू शकत नाही; चढाच्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये अडकलेल्या मालमोटारीसारखे ते धापा टाकते, काळा धूर ओकते, तापते आणि अकाली झिजते. पिच कमी असेल तर इंजिन सैराट फिरते, आवाज भरपूर होतो आणि ओढ लागत नाही. लहान होड्यांच्या बाहेर टांगलेल्या इंजिनांसाठी एक ढोबळ हिशेब आहे: पिच एका इंचाने बदलला की फेऱ्यांत दीडशे ते दोनशेंचा फरक पडतो. पंखा इंजिनाला जुळतो की नाही, हे पाहण्यासाठी फेरे मोजणारे एक साधे उपकरण, शांत पाणी आणि अर्धा तास एवढे पुरते.

एवढे सोपे असूनही हे होत नाही. का होत नाही, याचे उत्तर अज्ञानात शोधण्याची सवय अधिकाऱ्यांना आहे. ती सवय सोयीची आहे, खरी नाही. नौका बांधतो सुतार. त्याची जबाबदारी सांगाड्यापुरती. इंजिन विकतो विक्रेता. त्याची हमी इंजिनापुरती, आणि पुष्कळदा ते मालमोटारीसाठी घडवलेले इंजिन समुद्रासाठी जुळवून घेतलेले असते. कर्ज देणारी बँक वा संस्था पाहते ती तारण. पंखा येतो शेवटी, उरलेल्या पैशात, शेजारच्या नौकेला जो आहे त्याच मापाचा, किंवा दुकानात जो शिल्लक आहे तो. सुतार, विक्रेता आणि सावकार या तिघांच्या मध्ये जी जागा रिकामी राहते, नेमकी त्या जागी पंखा बसतो. त्याला उत्तरदायी असा माणूस साखळीत कुठेच नाही.

पंख्याचे शास्त्र मुळात प्रयोगातून घडले, हे या संदर्भात ध्यानात घेण्यासारखे आहे. १८३७ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाचा एक शेतकरी लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात आपली लाकडी मळसूत्राची नौका चालवून पाहत होता. धक्का लागून त्या लांब मळसूत्राचा निम्मा भाग तुटून पडला, आणि सर्वांच्या आश्चर्याला पार उरला नाही, कारण नौका मंद होण्याऐवजी अधिक वेगाने धावू लागली. पुढे १८४५ साली ब्रिटिश नौदलाने जवळपास सारख्या शक्तीची दोन जहाजे पाठीला पाठ बांधून उभी केली. एक वल्हेचाकांचे ‘अलेक्टो’, दुसरे पंख्याचे ‘रॅटलर’. रॅटलरने अलेक्टोला ताशी दोन सागरी मैलांहून अधिक वेगाने उलटे ओढत नेले. साम्राज्याच्या तिजोरीला आपल्या जहाजांसाठी असल्या चाचण्या परवडत होत्या. आज दीडशेहून अधिक वर्षांनंतर, कर्जाच्या पैशावर तरंगणाऱ्या मच्छीमार नौकेला अर्ध्या तासाची फेरेमोजणी मिळू नये, याला काय म्हणावे?

मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा पंखा हा लहान व वेगवान पंख्यापेक्षा त्याच शक्तीत अधिक ओढ देतो. थोड्या पाण्याला जोराने फेकण्यापेक्षा पुष्कळ पाण्याला हळू ढकलणे स्वस्त पडते, हे त्यामागचे साधे तत्त्व. लहान मासेमारी नौकांच्या इंधनबचतीवर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९९ साली जी पुस्तिका काढली तीत हे स्पष्ट मांडले आहे. परंतु मोठा पंखा बसवायचा तर त्याला जागा हवी. पात्याचे टोक आणि नौकेचा तळ यांत व्यासाच्या सुमारे पंधरा टक्के अंतर सुटावे लागते; ते सुटले नाही तर प्रत्येक पाते वरून जाताना तळाला गुद्दा बसतो, फळ्यांचे सांधे हलतात, थरथर सुरू होते. नौकेच्या मागच्या खांबात ही मोकळी जागा किती ठेवायची, ते सुतार पहिल्या महिन्यातच ठरवून मोकळा होतो. त्या दिवशी इंजिन कोणते येणार, गिअर कोणत्या प्रमाणाचा येणार, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. पुढची वीस वर्षे ती नौका जितके जास्तीचे डिझेल पिणार आहे, ते त्या एका दिवशी, एका करवतीने ठरून जाते.

बसवणीतले पाप

निवडीइतकीच बसवणी महत्त्वाची. शाफ्टचे टोक किंचित निमुळते असते व पंख्याच्या मध्यातले भोक त्याच निमुळतेपणाचे असते. हे दोन पृष्ठभाग एकमेकांना सर्वत्र चिकटले पाहिजेत. शक्ती मुख्यतः त्या पकडीतून जाते. म्हणून जाणकार मिस्त्री शाफ्टला निळ्या रंगाचा पातळ हात देतो, पंखा सरकवून काढतो, रंग कुठे उमटला ते पाहतो, आणि जेथे उमटला नाही तेथपर्यंत पकड पोचावी म्हणून बारीक पेस्ट लावून पंखा पुनःपुन्हा शाफ्टवर घासतो. मग चावी. चावी बाजूंनी घट्ट हवी, पण माथ्यावर किंचित मोकळी. माथ्यावर टेकली तर पंखा चावीवर स्वार होतो आणि निमुळत्या भागावर बसतच नाही. शेवटी नट, आणि नट फिरू नये म्हणून आरपार पिन. ही पिन पितळेची की लोखंडाची, नवी की मागल्या वर्षीची सरळ करून घातलेली, यावर भर समुद्रात पंखा जागेवर राहील की तळाशी जाईल हे अवलंबून असते.

बंदरावर घडते ते वेगळे. भोक सैल वाटले तर पत्र्याची पट्टी गुंडाळून ते भरले जाते. पंखा निघत नसेल तर ओढणीचे साधन नसल्यामुळे घणाचे घाव बसतात, किंवा गॅसची ज्योत एकाच जागी धरली जाते आणि धातूचा कस जातो. वाकलेले पाते लोहाराच्या ऐरणीवर डोळ्यांच्या अंदाजाने सरळ होते. तीन पात्यांचा पिच एकसारखा आहे का, हे मोजणारे साधन बंदरात नसतेच. एक पाते जास्त पाणी कापते, दुसरे कमी. पंखा फिरताना शाफ्टला हिसके बसू लागतात, बेअरिंग झिजते, शाफ्टच्या नळीभोवतीची दोरीची भरती सैल होते, पाणी आत येऊ लागते. मग मिस्त्री ती भरती करकचून आवळतो. नौका चालू असताना तेथून थेंब-थेंब पाणी झिरपलेच पाहिजे, कारण त्याच पाण्याने शाफ्ट थंड राहतो; आवळून कोरडी केलेली भरती शाफ्टलाच खाते. मूळ दोष पंख्याच्या एका पात्यात होता आणि खर्च झाला बेअरिंगवर, शाफ्टवर, पंपावर. खाडीच्या मुखाशी गाळ असलेल्या बंदरांत तर रेतीमुळे बेअरिंगची झीज आणखी लवकर होते.

लाकडी नौका जमिनीवर एका आकाराची असते, पाण्यात तरंगल्यावर थोड्या निराळ्या आकाराची. म्हणून इंजिन आणि शाफ्ट यांची जुळणी नौका पाण्यात गेल्यावर, फळ्या फुगल्यानंतर पुन्हा तपासावी लागते. जोडाच्या दोन चकत्यांमधील फट सगळीकडून सारखी असावी. चकतीच्या दर इंच व्यासामागे एक सहस्रांश इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी बर्फ भरण्याची घाई असताना ही तपासणी करायला थांबतो कोण?

धातूचीही एक कथा आहे. ज्याला बाजारात मँगनीज ब्राँझ म्हणतात ते वास्तविक पितळच. त्यात जस्ताचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास असते. खाऱ्या पाण्यात, स्टेनलेस पोलादाच्या शाफ्टच्या सान्निध्यात, विजेचा अदृश्य व्यवहार सुरू होतो आणि त्या पितळातले जस्त हळूहळू निघून जाते. पंखा वरून शाबूत दिसतो, पण त्याचा रंग गुलाबी, तांब्यासारखा पडतो आणि तो ठिसूळ होतो. नाणे वाजवून पाहावे तसा हलक्या हातोडीने वाजवला तर चांगला पंखा खणखणतो. मेलेला पंखा बद्द आवाज देतो. यावर उपाय म्हणजे शाफ्टवर किंवा तळाला जस्ताचा तुकडा लावणे, म्हणजे पंख्याऐवजी तो झिजेल. तो निम्मा झिजला की बदलायचा, आणि त्यावर रंग कधीच फासायचा नाही. पण रंगारी सगळ्याला एकच हात मारत जातो. जस्ताचा तुकडा नव्यासारखा कोरा राहतो, आणि मालक समाधानाने म्हणतो की यंदा जस्त झिजलेच नाही.

बाहेर टांगलेल्या इंजिनांच्या लहान होड्यांवर दुसरा शत्रू असतो. मासेमारीचा नायलॉनचा दोरा पंख्याच्या मागे शाफ्टभोवती गुंडाळला जातो, कुणाला दिसत नाही, आणि तेलाचे सील कापतो. गिअरच्या तेलात समुद्राचे पाणी शिरून ते दुधासारखे पांढरे होते. पंखा महिन्यातून एकदा काढून दोरा तपासण्याचे पंधरा मिनिटांचे काम टाळल्याने अख्खा गिअर बदलावा लागतो, आणि तो खर्च त्या होडीवाल्याची हंगामाची कमाई गिळतो.

बिल कुणाच्या नावावर

आता या साऱ्याचा हिशेब पाहावा. वाट्याच्या पद्धतीत सफरीच्या एकूण विक्रीतून प्रथम डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा होतो. उरलेल्या रकमेत नौकेचा वाटा आणि खलाशांचा वाटा पडतो. समजा, एका सफरीला हजार लिटर डिझेल लागले आणि बिघडलेल्या पंख्याने त्यातले शंभर लिटर वाया घालवले. लिटरला नव्वद रुपये धरले तर नऊ हजार रुपये झाले. वाटणी निम्मी-निम्मी असेल तर साडेचार हजार नौकेच्या वाट्यातून गेले, साडेचार हजार खलाशांच्या. नऊ खलाशी असतील तर प्रत्येकाचे पाचशे. हंगामात अशा किती सफरी होतात, ते ज्याने त्याने मोजावे. नवा पंखा ही मात्र नौकेची मालमत्ता. तो घ्यायचा तर मालकाच्याच वाट्यातून घ्यावा लागतो. म्हणजे पंखा दुरुस्त करण्याचा खर्च एकट्या मालकाचा, आणि तो न करण्याचा खर्च सर्वांचा. अशा व्यवस्थेत पंख्याकडे दुर्लक्ष होणे हा स्वभावाचा दोष नसून हिशेबाचा परिणाम आहे.

येथे न्याय करताना सगळ्या मालकांना एका मापाने मोजणे मात्र चुकीचे ठरेल. एकच नौका असलेला, स्वतः सुकाणूवर उभा राहणारा नाखवा आणि बंदरावर दहा नौका ठेवून कधी पाण्यात न उतरणारा व्यापारी यांत अंतर आहे. पहिल्याने दलालाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, त्यापोटी मासळी त्याच दलालाला, तो म्हणेल त्या दराने द्यावी लागते. जुलैमध्ये त्याच्या हातात रंगापुरतेही पैसे नसतात, मग नवा पंखा कुठला? पंख्यातून गळणारे डिझेल त्याचाही गळा कापते. दुसरा मात्र नुकसान खाली ढकलू शकतो. अलीकडे अनेक बंदरांत वाट्याऐवजी महिन्याच्या पगारावर खलाशी ठेवले जातात आणि त्यांत नेपाळपासून आंध्रपर्यंतचे स्थलांतरित तरुण मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या पगारातून डिझेल कापले जात नाही असे वरवर दिसते. सफर तोट्यात गेली की पगार लांबतो, उचलीचा हिशेब वाढतो, आणि तोट्याचे कारण विचारण्याचा अधिकार त्यांना नसतो.

आणि पंख्याशी खलाशाचा एक दुसराही संबंध आहे. तो हिशेबाच्या वहीत येत नाही. समुद्रात टाकून दिलेली जाळी, दोरखंड, प्लास्टिकच्या गोणी पंख्यात अडकतात. इंजिन घुसमटून बंद पडते. मग तोंडात सुरी धरून एक खलाशी नौकेच्या मागच्या बाजूने पाण्यात उतरतो. लाटेवर नौकेचा मागचा भाग हात-दोन हात उचलला जातो आणि खाली आपटतो. त्याखाली डोके सांभाळत, श्वास रोखून, तो माणूस पात्यांभोवतीचा पीळ कापत असतो. वर कुणी चुकून इंजिन सुरू केले तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. इंजिन बंद, गिअर मोकळा, आणि इंजिनाची किल्ली पाण्यात उतरणाऱ्याच्याच कमरेला बांधलेली, हा नियम प्रत्येक नौकेवर पाळला गेला पाहिजे. शाफ्टवर दोर कापणारे पाते बसवले तर उतरण्याचे बरेच प्रसंगच टळतात. पण ते पाते खर्चात धरले जाते आणि खलाशाचे उतरणे खर्चात धरले जात नाही. ज्या पोराने समुद्र नोकरीला लागल्यावर प्रथम पाहिला, त्याला उतरवले जाते, कारण नाही म्हणण्याची त्याची ऐपत नसते. मेल्यावर पाच लाखांच्या अपघात विम्याची तरतूद प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत आहे; जिवंतपणी सुरीऐवजी काय द्यायचे, याचा विचार त्या मानाने कमी झाला आहे.

यंत्र आले, त्याची विद्या मागे राहिली

भारतीय मासेमारीत यंत्र कसे आले हे पाहिले म्हणजे ही स्थिती अचानक उद्भवलेली नाही हे कळते. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार होऊन केरळात कोल्लमजवळ नींडकरा-शक्तिकुलंगरा येथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला. असलेल्याच होड्यांना इंजिन बसवण्याचा पहिला प्रयत्न फसला आणि नव्या धाटणीच्या नौका बांधाव्या लागल्या. पुढे कोळंबीला परदेशी बाजार मिळाला, ट्रॉलिंगला भरती आली, आणि ज्या गरीब मच्छीमाराच्या नावाने प्रकल्प सुरू झाला होता त्याच्या वाट्याला त्या भरतीची वाळू आली. गोव्यात सत्तरीच्या दशकात रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध रान उठवले. १९८० चा गोव्याचा आणि १९८१ चा महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा हे अशा संघर्षांच्या पार्श्वभूमीवर झाले. त्या आंदोलकांना यंत्रद्वेष्टे म्हणून हिणवले गेले. त्यांचा राग पंख्यावर नव्हता. आपल्या जाळ्यासमोरचा समुद्र खरवडून नेणाऱ्या मालकीवर होता. पुढे केरळात ऐंशीच्या दशकात लहान मच्छीमारांनी स्वतःच बाहेर टांगलेली इंजिने घेतली ती ट्रॉलरशी स्पर्धेत टिकण्यासाठी, आणि इंजिनाबरोबर इंधनाचे व सुट्या भागांचे परावलंबनही घेतले.

या सर्व काळात सरकारने मदत केली ती यंत्र विकत घेण्याला आणि इंधन जाळण्याला. महाराष्ट्रात मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा मिळतो. तो वेळेवर मिळत नाही ही तक्रार जुनी आहे आणि रास्तही आहे. परतावा मिळालाच पाहिजे. पण जो पंखा दहावा हिस्सा डिझेल पाण्यात फेकतो त्याच्यामागे परतावा ओतणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय, आणि त्यात खरा लाभ तेल विकणाऱ्याचा होतो. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाच्या लांबलचक नावात नौकानयन आहे, सागरी डिझेल इंजिनाची देखभाल आहे; नावात तरी पंख्याला जागा मिळालेली नाही. मासेमारी नौकांवरील तंत्रज्ञ घडवणारी केंद्र सरकारची संस्था कोचीला आहे, तिच्या शाखा चेन्नई व विशाखापट्टणमला आहेत. ७२० किलोमीटरचा किनारा मिरवणाऱ्या महाराष्ट्रात तिची शाखा नाही.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. तो निर्णय स्वागतार्हच आहे. मग कृषीचे उदाहरण पुढे न्यावे. २०१५ पासून शेतकऱ्याला मृद आरोग्य पत्रिका मिळते. मातीत काय कमी आहे ते पाहून खत घालावे, आंधळेपणाने घालू नये, हा त्यामागचा विचार. नौकेला अशी पत्रिका का नसावी? नौकेची लांबी, इंजिनाची शक्ती, गिअरचे प्रमाण, पंख्याचा व्यास व पिच, पूर्ण भार असताना गाठलेले फेरे आणि ताशी जळालेले डिझेल, एवढे एका कागदावर मावते. लागणारी साधने म्हणजे फेरेमापक, पिच मोजण्याची पट्टी, पंखा ओढून काढण्याची कैची आणि तोल पाहण्यासाठी दोन सपाट धारा. एखाद्या मोठ्या पंख्याच्या किमतीच्या आसपास ही सामग्री उभी राहील आणि ती बंदराच्या सहकारी संस्थेकडे असली पाहिजे, विक्रेत्याकडे नव्हे. कारण पंखा चुकीचा आहे हे सांगण्यात विक्रेत्याचा स्वार्थ आडवा येतो. संस्थेचे स्वतःचे ओढबांध असावेत, म्हणजे हंगामाच्या मध्यावर पाते वाकले तरी नौका वर घेता येईल, आणि पुढच्या जूनची वाट पाहत कुणाला नऊ महिने डिझेल जाळावे लागणार नाही.

यावर एक आक्षेप जुने तांडेल घेतात आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ते म्हणतात, सुकाणूच्या दांड्यातून हाताला जी थरथर लागते तिच्यावरून पंख्याला काय झाले ते कळते. धुराचा रंग पाहिला की इंजिनावर किती भार आहे ते समजते. कागदाची गरज काय? हे ज्ञान खरे आहे, पिढ्यांचे आहे, आणि कुठल्याही पदवीधर निरीक्षकाने त्यापुढे नम्र असावे. पण तांडेलाने कितीही सांगितले तरी मालक ऐकेलच असे नाही. त्याच्या हाताची थरथर पुरावा म्हणून चालत नाही. मोजलेला आकडा चालतो. म्हणून मोजणी तांडेलाच्या ज्ञानाला बाजूला सारण्यासाठी नको, त्याच्या शब्दाला वजन यावे यासाठी हवी.

आणि वाट्याचा नियमही बदलावा लागेल. पंखा, जस्त आणि दोर कापणारे पाते यांचा खर्च सफरीच्या सामायिक खर्चात धरावा, आणि त्या बदल्यात ते वेळेवर बदलले गेले की नाही हे पाहण्याचा अधिकार खलाशांना द्यावा. पगारी खलाशांच्या नौकांवर हा खर्च मालकाचाच राहील, पण पत्रिका नसलेल्या नौकेला डिझेलचा परतावा देऊ नये. एक-दोन हंगामांची मुदत देऊन, आधी साधने पुरवून आणि मग सक्ती करून हे करता येईल. साधने न देता सक्ती केली तर निरीक्षकाच्या हप्त्याला आणखी एक निमित्त मिळेल, एवढेच.

जुलैच्या अखेरीस झाप उतरतात, नारळी पौर्णिमेची तयारी सुरू होते, नौका पुन्हा पाण्यात ढकलल्या जातात. पूजेनंतर आणि बर्फ भरण्याआधी अर्धा तास खाडीच्या मुखाशी फेरे मोजावेत, आकडे कागदावर उतरवावेत, आणि त्या कागदावर मालकाच्या सहीशेजारी तांडेलाची आणि खलाशांपैकी एकाची सही असावी.